‘वाय’ दाबायच्या आधी यादी वाचा : टर्मिनलवरून पॅकेज टाकणं-काढणं, वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, सॉफ्टवेअर टाकायचे आणि विशेषतः काढायचे प्रश्न इतके आलेत की सगळं सदर त्यालाच दिलंय. कमांड इथे उच्चाराप्रमाणं देवनागरीत छापल्यात, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे, ‘डॅश’ म्हटलंय तिथे पुढच्या अक्षराला चिकटून आडवी छोटी रेघ, आणि ‘डॅश डॅश’ म्हटलंय तिथे मध्ये जागा न सोडता दोन रेघा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी निवृत्त मुख्याध्यापक, राहणार वाई. आमच्या वाचनालयाचे जुने वार्षिक अहवाल आम्ही स्कॅन करून ठेवलेत, त्यातला मजकूर हातानं टाइप न करता मिळावा म्हणून नातवानं लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स सिस्टिम टाकून दिली आणि टेसरॅक्ट वापरा म्हणाला. त्यानं लिहून दिलेली कमांड ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट’ टाकली तर ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ येतं. फोनवर विचारून पुढं ‘ओसीआर’ जोडलं तेव्हा बसलं, पण मराठी पान दिलं की इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ बाहेर येतो. काय राहिलंय?

उत्तर : सर, फक्त मराठीचं पॅकेज राहिलंय, बाकी तुम्ही सगळं बरोबर केलंत. टेसरॅक्ट हे मूळचं एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तयार झालेलं, २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं गेलं, आणि उबुंटूवर त्याचं इंजिन वेगळं आणि प्रत्येक भाषेची फाइल वेगळी अशी मांडणी आहे. तुम्ही इंजिन टाकलंत तेव्हा त्याच्यासोबत इंग्रजी आपोआप आली, मराठी येत नाही, ती मागावी लागते. त्यामुळं ते बिचारं इंजिन तुमच्या अहवालातली देवनागरी अक्षरं इंग्रजी समजून वाचत बसलंय.

आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’ द्या (ॲप्ट म्हणजे पॅकेज टाकणारा-काढणारा प्रोग्राम, सुडो म्हणजे मालकाच्या अधिकारानं कर). यानं कुठलंही सॉफ्टवेअर बदलत नाही, कोणतं पॅकेज कुठल्या नावानं आणि कुठल्या आवृत्तीत मिळतंय ती ताजी यादी फक्त मशीनवर येते, म्हणजे दुकानाचं नवीन भावपत्रक आणल्यासारखं, माल अजून आणलेला नाही. माल आणणारी कमांड ‘अपग्रेड’. नवीन टाकलेल्या उबुंटूवर ही यादी बरेचदा जुनी किंवा अर्धवट असते आणि मग असलेलं पॅकेजसुद्धा ‘सापडत नाही’ म्हणून सांगितलं जातं. तुमच्या बाबतीत मात्र नावच अपुरं होतं. नाव नक्की माहीत नसेल तर अंदाजानं टाकत बसू नका, ‘ॲप्ट सर्च टेसरॅक्ट’ द्या, त्याला सुडो लागत नाही. मोठी यादी येईल, त्यात वेगवेगळ्या भाषांची नावं दिसतील.

मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर-मार’. शेवटचं मार म्हणजे एम, ए, आर ही तीन अक्षरं. पासवर्ड विचारेल तेव्हा टाइप करताना बहुतेक वेळा स्क्रीनवर काही उमटत नाही, चांदण्यासुद्धा दिसत नाहीत, कीबोर्ड बंद पडला असं अनेकांना वाटतं, तसं नसतं, टाइप करून एंटर द्या. झाल्यावर ‘टेसरॅक्ट डॅश डॅश लिस्ट-लँग्स’ दिलं की यादीत मार दिसलं पाहिजे.

आता इथे एक गोष्ट तुमच्यासकट सगळ्या वाचकांनी नीट बघावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. मराठीचं पॅकेज टाकताना ॲप्टनं तुम्हाला ‘वाय का एन’ असं विचारलंच नसेल, सरळ टाकून मोकळं झालं असेल. पण आधी तुम्ही टेसरॅक्टचं इंजिन टाकलंत तेव्हा विचारलं असणार. कारण असं आहे की तुम्ही मागितलं तेवढंच टाकायचं असेल तर ॲप्ट विचारत बसत नाही, मागितल्यापेक्षा जास्तीचं काही येणार असेल किंवा काही जाणार असेल तरच थांबून विचारतं. म्हणजे तो प्रश्न आला की समजायचं, वरच्या यादीत आपण न मागितलेलं काहीतरी आहे, आणि ते काय आहे ते वाचायचं. ‘न्यू पॅकेजेस’च्या खाली नवीन येणारी, ‘रिमूव्ह्ड’च्या खाली जाणारी. टाकायला गेलो आणि जाणाऱ्यांच्या यादीत काही दिसलं तर एन दाबून थांबायचं.

वापर असा : ‘टेसरॅक्ट पान१.पीएनजी पान१ डॅश एल मार’, की त्याच फोल्डरमध्ये पान१ नावाची टेक्स्ट फाइल तयार होते. अहवालात इंग्रजी आकडे, इंग्रजी नावं असतील तर मारच्या जागी ‘मार+ईएनजी’. तुमची स्कॅन पीडीएफमध्ये असेल तर टेसरॅक्ट ती थेट वाचत नाही, आधी पानांची चित्रं करावी लागतात, त्यासाठी ‘पॉपलर-युटिल्स’ हे पॅकेज टाका आणि ‘पीडीएफटूपीपीएम डॅश आर ३०० डॅश पीएनजी अहवाल.पीडीएफ पान’ अशी कमांड द्या (कमांडमध्ये ‘टू’च्या जागी टी, ओ ही दोन अक्षरं). ३०० हा आकडा कमी करू नका, टेसरॅक्टला निदान तेवढी बारकाई लागते. जुनी खिळ्यांची छपाई असेल तर जोडाक्षरं आणि रफार यांच्यावर एकदा नजर फिरवावीच लागेल, पण अख्खा अहवाल टाइप करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. आणि काम फार मोलाचं करताय सर, गावोगावच्या वाचनालयांत असे कितीतरी कागद पडून आहेत.

प्रश्न : ताई मी जळगावला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अपाचे सर्व्हर शिकताना सेटिंग बिघडली म्हणून ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह अपाचे२’ केलं, परत टाकलं तर तीच बिघडलेली सेटिंग परत हजर. मग मैत्रीण म्हणाली ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधलं अपाचे२ फोल्डर उडव, ते हातानं उडवलं आणि परत टाकलं तर आता सर्व्हर चालूच होत नाही, अपाचे२.कॉन्फ फाइल नाही म्हणतो. आता फोल्डरच तयार होत नाहीये नीट. उबुंटू परत टाकू का?

उत्तर : नको गं, उबुंटू परत टाकायची काहीच गरज नाही, पाच मिनिटांचं काम आहे. पण हे का झालं ते समजून घे कारण हा प्रकार डेबियन आणि त्याच्यावर बेतलेल्या सगळ्या सिस्टिमवर, म्हणजे उबुंटू, मिंट वगैरेंवर असाच होतो.

‘रिमूव्ह’ म्हणजे प्रोग्राम काढ पण ईटीसीतल्या त्याच्या सेटिंगच्या फाइल राहू दे. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, सर्व्हर सांभाळणारा माणूस एखादं पॅकेज तात्पुरतं काढतो आणि पुन्हा टाकतो तेव्हा त्यानं महिनोन्‌महिने बसवलेली सेटिंग जाऊ नये म्हणून. सेटिंगसकट काढायचं असेल तर ‘पर्ज’. रिमूव्ह केलेलं पण पर्ज न केलेलं पॅकेज ओळखायचं तर ‘डीपीकेजी डॅश एल’ देऊन बघ (डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष टाकाटाकी करणारा प्रोग्राम), ओळीच्या सुरुवातीला ‘आयआय’ असेल तर ते व्यवस्थित बसलेलं आहे, आणि ‘आरसी’ असेल तर प्रोग्राम गेलाय, कॉन्फिग उरलंय. तुझ्या मशीनवर तेव्हा अपाचेच्या ओळीला आरसी असणार.

आता दुसरा भाग, जो खरा अडकवणारा आहे. तू फोल्डर हातानं उडवलंस ते डीपीकेजीला कळलं, पण त्यानं त्याचा अर्थ असा लावला की मालकाला ही फाइल नकोय. सेटिंगच्या फाइलमध्ये आपण केलेला बदल ते जपतं ना, तसंच फाइल काढून टाकणं हाही आपण केलेला बदलच समजून ते जपतं! म्हणून नुसतं परत टाकून त्या फाइल येत नाहीत, कितीही वेळा टाक, येणारच नाहीत. अपाचेचं नाव कितीतरी मुलांच्या तोंडी यासाठीच ‘परत बसत नाही’ असं बदनाम झालंय आणि त्यात अपाचेचा काही दोष नाही.

तेव्हा ‘सुडो ॲप्ट पर्ज अपाचे२ अपाचे२-बिन अपाचे२-डेटा अपाचे२-युटिल्स’ दे, जाणाऱ्यांची यादी वाच, पीएचपीचं मोड्यूल टाकलं असशील तर तेही त्यात दिसेल, त्याची नोंद करून ठेव म्हणजे परत टाकता येईल. मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल अपाचे२’. कोरी करकरीत सेटिंग येईल.

पुढच्या सेमिस्टरला डेटाबेस असेल म्हणून आत्ताच सांगते. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी पर्ज करताना ‘सगळे डेटाबेस पण काढून टाकू का’ अशा अर्थाचा प्रश्न निळ्या-करड्या खिडकीत येऊ शकतो, तिथे घाईत येस झालं की प्रोजेक्टचा डेटा गेला, तो परत येत नाही. पर्जच्या आधी ‘मायएसक्यूएलडम्प’नं एक प्रत काढून ती पेनड्राईव्हवर ठेव. आणि पर्ज तुझ्या होम फोल्डरमधल्या फाइलना हात लावत नाही, तिथल्या टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या सेटिंग फाइल राहतात, त्या नको असतील तर बघून स्वतः काढायच्या.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करतो. कीडेनलाइव्ह वापरून बघितलं, जमलं नाही, काढलं. तेव्हापासून ॲप्ट दर वेळी सांगतं की अमुक इतकी पॅकेज आता लागत नाहीत, ऑटोरिमूव्ह करा. यादी लांबलचक आहे. करू का? भीती वाटते.

उत्तर : करा, पण यादी वाचून. आणि तुमच्या बाबतीत तर नक्कीच वाचून, कारण त्या यादीत मला वाटतं ‘एफएफएमपेग’ हे व्हिडिओचं रूपांतर करणारं साधन असेल, आणि व्हिडिओवाला माणूस म्हणजे तुम्ही ते रोज वापरत असणार.

ॲप्ट प्रत्येक पॅकेजवर एक खूण ठेवतं, हे माणसानं स्वतः मागितलं की दुसऱ्या कुणासाठी आपोआप आलं. आपोआप आलेलं पॅकेज, ज्याच्यासाठी आलं तो गेला आणि आता कुणालाच लागत नाही, की ते ऑटोरिमूव्हच्या यादीत जातं. एफएफएमपेग तुम्ही कधी स्वतः मागितलं नसेल, कीडेनलाइव्हसोबत आलं असेल, आणि नंतर तुम्ही ते हातानं कमांड देऊन वापरायला लागलात तरी ॲप्टला ते कळायचा मार्ग नाही, ते वापर मोजत नाही, फक्त खुणा बघतं.

उपाय अगदी सोपा. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एफएफएमपेग’ द्या. आधीच आहे, नवीनच आवृत्ती आहे असं सांगेल आणि त्याच्याखाली एक ओळ येईल, ‘सेट टू मॅन्युअली इन्स्टॉल्ड’. ती ओळ हवी होती आपल्याला, खूण बदलली, आता ऑटोरिमूव्ह त्याला हात लावणार नाही. यादीत तुम्ही वापरता असं अजून काही असेल तर त्याचंही असंच करा. यादी निवांत बघायची असेल तर ‘ॲप्ट डॅश एस ऑटोरिमूव्ह’, यात एस म्हणजे नुसतं करून दाखव, खरं काही करू नको, सुडोसुद्धा लागत नाही. हे डॅश एस रिमूव्हला चालतं, पर्जला चालतं, इन्स्टॉललाही चालतं. जुने कर्नल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या, यादीत दिसतील, ते जाऊ द्या, चालू असलेला आणि सगळ्यात नवा कर्नल ते ठेवतं, आणि जुने साठले तर बूट पार्टिशन भरून पुढचं अपडेट अडकतं.

तुमची भीती मला पटते, आणि यादी न वाचल्यानं काय होतं याचं उदाहरण जगानं बघितलंय. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन हा कॅनडाचा प्रसिद्ध यूट्यूबर पॉप ओएस या उबुंटूवर बेतलेल्या सिस्टिमवर गेम खेळण्यासाठी स्टीम टाकत होता, त्या वेळी त्या पॅकेजच्या मांडणीत चूक होती, आणि ॲप्टनं स्पष्ट दाखवलं होतं की हे टाकायचं तर डेस्कटॉपची महत्त्वाची पॅकेज काढावी लागतील, खरंच करायचं असेल तर ‘येस, डू ॲज आय से’ असं अख्खं वाक्य टाइप करा. त्यानं टाइप केलं. सगळा डेस्कटॉप गेला आणि काळी स्क्रीन उरली, लाखो लोकांनी ते व्हिडिओत पाहिलं. लोक त्याला हसले ते मला मुळीच आवडलं नाही, कारण गेमचं सॉफ्टवेअर टाकताना डेस्कटॉप उडेल ही कल्पना साध्या माणसाला कुठून येणार, आणि ॲप्ट लिहिणाऱ्यांनीही ते मनावर घेतलं, ते वाक्य टाइप करून पुढं जायची वाटच काढून टाकली, आता अशा वेळी ॲप्ट एरर देऊन थांबतं. पण हे फक्त अगदी अत्यावश्यक पॅकेजच्या बाबतीत. बाकीचं तुमच्या वायवरच चालतं.

प्रश्न : उबुंटू २४.०४ आहे. पायथॉन ३.१२ काढून ३.१३ टाकायचंय, कोर्सला ते लागतं. दुसरं म्हणजे पिपनं, म्हणजे पायथॉनची पॅकेज टाकणाऱ्या कमांडनं, काही टाकायला गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी एरर येते आणि खाली ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस असं काहीतरी लिहून टाक म्हणतं. टाकू का? – कोल्हापूर

उत्तर : दोन्ही नको. सिस्टिमचा पायथॉन काढू नका, हे मी जितक्या ठळक अक्षरांत छापता येईल तितक्या ठळक छापायला सांगितलं असतं. उबुंटूच्या आतली कितीतरी कामं त्या पायथॉनवर चालतात, ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथॉन३’ दिलं तर जाणाऱ्यांच्या यादीत डेस्कटॉपचीच पॅकेज दिसायला लागतात. काही जण काढत नाहीत पण पायथॉन३ हे नाव नव्या आवृत्तीकडे वळवतात, त्यानंही टर्मिनलची खिडकी उघडेनाशी होते, कारण उबुंटूवर ग्नोम टर्मिनल उघडणारी फाइल स्वतःच पायथॉनची स्क्रिप्ट आहे. नवीन आवृत्ती जुन्याच्या शेजारी ठेवायची, जागा घ्यायची नाही. ‘यूव्ही’ नावाचं साधन आहे, त्यानं ‘यूव्ही पायथॉन इन्स्टॉल ३.१३’ केलं की ते तुमच्या होम फोल्डरमध्ये बसतं, सिस्टिमला धक्का नाही.

ती एरर म्हणजे कुंपण आहे आणि ते चांगल्यासाठी घातलंय. एकाच जागेत ॲप्टही पायथॉनच्या फाइल टाकणार आणि पिपही टाकणार, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, यातून वर्षानुवर्षं मशीन बिघडत होती, म्हणून डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, आणि उबुंटूवरही त्याच सुमारास पिपला सिस्टिमच्या जागेत टाकायला मनाई झाली. प्रत्येक कामाला वेगळी खोली करा : ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथॉन३-वेनव्ह’, मग ‘पायथॉन३ डॅश एम वेनव्ह कोर्स’, मग ‘सोर्स कोर्स/बिन/ॲक्टिव्हेट’, आणि आता पिप हवं ते टाकेल. वेनव्हमधला पसारा काढायचा तर ते कोर्स नावाचं फोल्डर उडवायचं, संपलं. हे फार महत्त्वाचं आहे कारण ‘पिप अनइन्स्टॉल’ फक्त नाव घेतलेलं पॅकेज काढतं, त्याच्यासोबत आलेली बाकीची तिथेच राहतात, पिपमध्ये ऑटोरिमूव्ह नाही. पायथॉनमध्ये लिहिलेली तयार कमांड हवी असेल, म्हणजे ‘वायटी-डीएलपी’सारखी, तर ‘पिपएक्स इन्स्टॉल’, ते प्रत्येकाला आपणहून वेगळी खोली देतं आणि ‘पिपएक्स अनइन्स्टॉल’नं सगळं समूळ जातं.

प्रश्न : ‘कुड नॉट गेट लॉक’ येतं. यूट्यूबवर एकजण सांगतो लॉकची फाइल डिलीट करा. – अकोला

उत्तर : डिलीट करू नका. बहुतेक वेळा मशीन चालू झाल्यावर पाठीमागे सिक्युरिटी अपडेट आपोआप चालू असतं, त्याचं होईपर्यंत थांबा, चहा घ्या. एररमध्येच कुठला प्रोसेस लॉक धरून बसलाय त्याचा नंबर आणि नाव येतं, ते वाचा, ‘अनअटेंडेड-अपग्रेड’ दिसलं तर हेच. लॉक उडवून दुसरं इन्स्टॉल घुसवलं की दोघं एकाच वेळी एकाच नोंदवहीत लिहितात आणि मग खरंच बिघडतं. आणि इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली असेल, तर मशीन चालू झाल्यावर आधी ‘सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए’, मग ‘सुडो ॲप्ट डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. या दोनांनी बहुतेक सगळं ताळ्यावर येतं. दुसऱ्या कमांडलाही यादी येते, तीही वाचायची.

प्रश्न : मी म्युनिकला असते, मॅक आहे, एम२ चिप. होमब्रूनं (मॅकवरचं ॲप्टसारखं साधन) खूप काय काय टाकलं गेलंय, आता साफ करायचंय. ‘ब्रू लिस्ट’ दिलं तर शंभरेक नावं येतात, त्यातली निम्मी मी टाकलेलीच नाहीत. काही काढायला गेलं तर ‘रिफ्यूजिंग टू अनइन्स्टॉल’ म्हणतं.

उत्तर : ‘ब्रू लीव्ह्ज’ द्या, मग यादी एकदम आटोक्यात येईल. दुसऱ्या कुणालाच लागत नाहीत अशीच नावं त्यात येतात, म्हणजे काढायचा निर्णय याच यादीतून घ्यायचा, मोठ्या यादीतून नाही. यातलं नको ते ‘ब्रू अनइन्स्टॉल’नं काढा, मग ‘ब्रू ऑटोरिमूव्ह’, मग जुन्या आवृत्त्या आणि डाउनलोड साफ करायला ‘ब्रू क्लीनअप’. नकार देतं तेव्हा त्याच ओळीत कुणाला लागतंय त्याचं नावही देतं, किंवा ‘ब्रू यूजेस डॅश डॅश इन्स्टॉल्ड’ आणि पुढं पॅकेजचं नाव दिलं तर कळतं. ओपनएसएसएल वगैरे बाबतीत नकार आला तर ऐका, जबरदस्तीचा पर्याय आहे पण तो वापरून बाकीचे प्रोग्राम पांगळे करण्यात काय अर्थ आहे.

तुमच्या चिपवर सगळं ‘ऑप्ट’मधल्या ‘होमब्रू’ फोल्डरमध्ये असतं, जुन्या इंटेल मॅकवर ‘यूएसआर/लोकल’मध्ये. तिथे जाऊन हातानं फोल्डर उडवू नका, आणि ब्रूला सुडो लावायचं नाही, लावलं तरी ते चालायला नकार देतं. पोस्टग्रेससारखा डेटाबेस असेल तर आधी ‘ब्रू सर्व्हिसेस स्टॉप’, आणि लक्षात ठेवा की अनइन्स्टॉलनंतर त्याचा डेटा होमब्रूच्या ‘व्हार’ फोल्डरमध्ये राहतो, नको असेल तर तो मात्र स्वतः काढावा लागतो.

प्रश्न : एका साइटवर एक ओळ दिली होती, कर्लनं स्क्रिप्ट आणून सरळ ‘सुडो बॅश’ला द्यायची. ती चालवली, प्रोग्राम बसला, चाललाही. आता काढायचाय तर ॲप्ट म्हणतं असं पॅकेजच नाही. – ठाणे

उत्तर : ॲप्ट खरं बोलतंय. ॲप्टला फक्त ॲप्टनं टाकलेलं माहीत असतं, त्या स्क्रिप्टनं कुठे काय ठेवलं याची नोंद ॲप्टकडे कुठेच नाही. सोर्सवरून ‘सुडो मेक इन्स्टॉल’ केलेल्याचंही हेच.

आधी ‘विच’ आणि पुढं प्रोग्रामचं नाव द्या, फाइल कुठे आहे ते कळेल. तो पत्ता ‘डीपीकेजी डॅश मोठा एस’ला द्या, कुठल्याच पॅकेजची नाही असं उत्तर आलं तर आपलं निदान पक्कं. फाइल ‘यूएसआर/लोकल/बिन’मध्ये निघाली तर बरं, कारण तिथे उबुंटू स्वतः काही ठेवत नाही, तिथलं काढल्यानं सिस्टिम मोडत नाही. मग त्या प्रोग्रामची स्वतःची काढायची कमांड आहे का बघा, काहींना असते, उदाहरणार्थ रस्ट या भाषेसाठी ‘रस्टअप सेल्फ अनइन्स्टॉल’. मेकनं टाकलं असेल आणि ते सोर्सचं फोल्डर अजून असेल तर त्यात जाऊन ‘सुडो मेक अनइन्स्टॉल’, लिहिणाऱ्यानं सोय ठेवली असेल तर चालतं. यातलं काहीच नसेल तर तीच स्क्रिप्ट पुन्हा डाउनलोड करा, पण चालवू नका, ‘लेस’मध्ये उघडून वाचा. सीपी, एमव्ही, इन्स्टॉल, एमकेडीआयआर अशा ओळी शोधा, तिनं ज्या ज्या ठिकाणी फाइल ठेवल्यात ते पत्ते तिथेच लिहिलेले असतात, एकेक करून काढायचं. होम फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’च्या तळाशी तिनं पाथची ओळ जोडलीय का तेही बघा. मशीनसोबत आपोआप चालू होणारी सर्व्हिस (सिस्टिमडीची) तयार केली असेल तर ती आधी बंद आणि डिसेबल करून मग तिची फाइल काढा.

काही जण विचारतात की ॲप्टच्या भांडारावर तरी डोळे मिटून विश्वास का ठेवायचा. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लहानशा पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातलेला सापडला, आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवरच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं आणि तो खणत गेला म्हणून सापडला. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोचल्या होत्या, स्टेबलमध्ये नव्हत्या, आणि ज्यांच्याकडे आल्या होत्या त्यांना नेहमीचं अपग्रेड केल्यावर सुधारित पॅकेज मिळालं. धोका तिकडेही आहेच, पण तिकडे कुणीतरी बघणारं असतं आणि कळल्यावर सगळ्यांच्या मशीनवर दुरुस्ती पोचवायचा रस्ता असतो. तुमच्या त्या स्क्रिप्टनं आलेल्या प्रोग्राममध्ये उद्या काही निघालं तर तुम्हाला कोण सांगणार, म्हणून एखादी गोष्ट ॲप्टमध्ये मिळत असेल तर ती तिथूनच घ्या, आवृत्ती थोडी जुनी असली तरी.

प्रश्न : फोंड्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लॅबमध्ये सगळी विंडोज ११ आहेत, वीसेक मशीनवर तीच तीच सॉफ्टवेअर हातानं टाकावी लागतात. विंडोजला असं काही आहे का?

उत्तर : आहे, ‘विनगेट’, आणि विंडोज ११ मध्ये ते आधीच असतं. एका मशीनवर सगळं व्यवस्थित टाकून घ्या, मग ‘विनगेट एक्स्पोर्ट डॅश ओ लॅब.जेसन’ दिलं की यादीची फाइल तयार होते. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून नको ती नावं काढा, पेनड्राईव्हवरून बाकीच्या मशीनवर न्या आणि ‘विनगेट इम्पोर्ट डॅश आय लॅब.जेसन’ द्या. विनगेटला जी सॉफ्टवेअर माहीत नाहीत ती एक्स्पोर्टच्या वेळीच सांगितली जातात, ती तेवढी हातानं टाकावी लागतील. काढायचं तर ‘विनगेट लिस्ट’मधून आयडी बघा आणि ‘विनगेट अनइन्स्टॉल डॅश डॅश आयडी’च्या पुढे तो द्या, शेवटी ‘डॅश ई’ लावा म्हणजे नाव तंतोतंत जुळेल तेच निघेल, मिळत्याजुळत्या नावाचं नाही.

प्रश्न : मशीन बिघडलंय, गेल्या आठवड्यात काय काय टाकलं-काढलं तेच आठवत नाही. – सोलापूर

उत्तर : तुम्हाला आठवायची गरज नाही, ॲप्टनं लिहून ठेवलंय. ‘लेस /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्ट्री.लॉग’ द्या. प्रत्येक वेळेची तारीख-वेळ, तुम्ही दिलेली कमांड जशीच्या तशी, आणि त्यातून आलेली-गेलेली प्रत्येक पॅकेज आवृत्तीसकट असते. महिना उलटला असेल तर जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये जीझेड होऊन पडलेली असते, ती ‘झेडलेस’नं उघडते. बिघाड सुरू झाला त्याच्या आदल्या नोंदीपासून वाचत या, ‘रिमूव्ह’ने सुरू होणाऱ्या ओळी आधी बघा, त्यातलं जे तुम्ही मुद्दाम काढलेलं नव्हतं ते परत इन्स्टॉल करा. तरी नाही सुटलं तर त्या दिवसांच्या तेवढ्या ओळी कॉपी करून मला पाठवा, नुसतं ‘बिघडलंय’ यापेक्षा त्या ओळींवरून खूप लवकर सांगता येईल.